आडातली म्हैस आणि कशिशची कैची

शिवाजी पेठेत कुणाचं लग्न ठरलं की मांडवासाठी माणसं फक्रुद्दीन जमादाराकडं जातात. आमच्या गल्लीच्या तोंडाला त्याचं गोदाम आहे आणि गोदामाला लागूनच घर. समोर माझं फोटो फ्रेम करून द्यायचं दुकान. त्यामुळं फक्रूभाईची थोरली लेक कशिश हिला मी ती रांगत होती तेव्हापासून बघतोय. इतर पोरी भातुकली मांडायच्या, त्या वयात ही दोरांच्या वेटोळ्यात बसून गाठी मारायची. बुटाची नाडी बांधता यायच्या आधी तिला मांडवाच्या बांबूची गाठ येत होती, हे फक्रूभाई आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचा.

दिसायला पोरगी किरकोळ. आवाज मात्र अस्सल पेठेतला. गल्लीच्या या टोकाहून हाक मारली की त्या टोकाची माणसं वळून बघायची. आणि एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती पुरती उमगेपर्यंत घरच्यांना आणि समोरच्या दुकानदाराला सुट्टी नसायची.

सहावीत असताना तिच्या डोक्यात रोमन शिरले.

त्याचं झालं असं. शाळेत विज्ञानाचा साध्या यंत्रांचा धडा चालू होता. तरफ, कप्पी, उतरण, पाचर वगैरे. शिकवायला दानेश्वरी मॅडम. त्या मूळच्या संकेश्वरकडच्या. घरात कन्नड, वर्गात मराठी, आणि पोरांनी दंगा केला की दोन्ही एकदम. त्याच सुमारास त्यांनी वर्गाला टाऊन हॉलचं म्युझियम दाखवायला नेलं. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खननात सापडलेली ब्राँझची एक लहानशी मूर्ती तिथं आहे, समुद्राच्या देवाची. रोमशी व्यापार चालायचा त्या काळात, म्हणजे दोनेक हजार वर्षांपूर्वी, ती इकडं आली असं मॅडमनी सांगितलं. बाकीची पोरं बागेत पळाली. कशिश काचेला नाक लावून तिथंच उभी.

"मॅडम, रोम कुठं आणि पंचगंगा कुठं! ही आली कशी?"

"जहाजानं. मग बंदरावरनं घाट चढून, बैलांच्या पाठीवर."

"ही बारकी हाय. पण मोठं सामान जहाजात चढवत कसं हुते? तवा क्रेन कुठं हुत्या?"

"होत्या की," मॅडम म्हणाल्या. "त्यात तर ते लोक तरबेज होते."

म्युझियमच्या पायरीवर बसून मॅडमनी मोबाइलवर चित्रं काढून दाखवली. रोममधल्या एका थडग्यावरचं कोरीवकाम होतं. त्यात उंच डांब, त्याला दोर, आणि खाली एक भलंमोठं चाक. त्या चाकाच्या पोटात माणसं चालत होती आणि त्यांच्या चालण्यानं वरचा दोर गुंडाळला जात होता. दुसऱ्या चित्रात साधी क्रेन होती. दोन वासे शेंड्याशी एकत्र बांधलेले, खाली पाय फाकलेले, मधोमध कप्प्या लोंबत्या. कशिशनं ते चित्र बोटानं मोठं केलं.

"ही तर कैची हाय!" ती ओरडली. "कमान उभी करताना आमचे अब्बा अशीच लावत्यात. फक्त कप्प्या नसत्यात."

"मग तू लावून बघ," मॅडम म्हणाल्या.

असं कशिशला कुणी सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या दुकानात आली ती फणकारत. "काका, पुस्तकात खोटं लिवलंय. म्हणं कप्पीनं काम सोपं हुतंय. मी तुळईला कप्पी टांगली, दोर टाकला आणि तांदळाचं पोतं वढलं. हाय तेवढंच जड लागतंय!"

खिळा मारणे आणि काच कापणे यापलीकडं मला यंत्रातलं काही कळत नाही. मी म्हटलं, मॅडमना विचार. तिनं विचारलं, आणि मॅडमनी डबा खायच्या सुट्टीत तिला फळ्यापाशी उभं केलं. वर टांगलेली कप्पी फक्त दोराची दिशा फिरवते, हे त्यांनी सांगितलं. वर ओढायच्या ऐवजी खाली ओढता येतं, अंगाचा भार घालता येतो, एवढाच तिचा फायदा. ओझं हलकं व्हायचं तर एक कप्पी ओझ्याबरोबर वर चढली पाहिजे.

"मोठं पातेलं एकटीनं उचलायचं की चौघींनी?" मॅडमनी विचारलं. "ओझं दोराच्या किती पदरांवर लोंबतंय ते बघ. चार पदर असले तर प्रत्येकाच्या वाट्याला चौथाई. पण फुकट मिळत नाही हं बाळ. ओझं हातभर वर न्यायचं तर दोर चार हात ओढावा लागतो. जोर वाचतो, दोर वाढतो."

जोर वाचतो, दोर वाढतो. हे त्या पोरीला एवढं आवडलं की आठवडाभर गल्लीत तेच चाललं होतं.

फक्रूभाईच्या गोदामात जड झुंबरं वर चढवायच्या लोखंडी कप्प्या होत्या, दोन-दोन चाकांच्या. त्यातल्या दोन तिनं काढल्या. दोन वासे शेंड्याशी बांधून गोदामात कैची उभी केली आणि चार पदरी दोर ओवला. आता उचलायचं काय? धाकटा भाऊ तोहिद आयताच होता. त्याला मोठ्या टोपलीत बसवलं आणि एका हातानं ओढायला सुरुवात केली. तोहिद डोलत डोलत वर निघाला. तो खिदळतोय, ही ओरडतेय, "बघ, एका हातानं! एका हातानं!"

नेमक्या त्याच वेळी त्यांची अम्मी, शाहिस्ताभाभी, चहा घेऊन गोदामात आली. तिची किंकाळी ऐकून कशिश दचकली, दोराला हिसका बसला, आणि गुळगुळीत फरशीवर कैचीचे पाय दोन्हीकडं सरकले. सगळा डोलारा खाली. तोहिद गाद्यांच्या ढिगावर पडला म्हणून बरं. तो उठून "परत, परत" म्हणायला लागला, पण भाभीनं तोवर कशिशचा कान पकडला होता.

"भाईचं हाड मोडलं असतं म्हंजे? काय रोमन रोमन लावलंयस!"

फक्रूभाई धावत आला. त्यानं आधी पोराचे हातपाय चाचपले. मग पडलेला एक वासा उचलून त्याचं बूड बघितलं.

"पायात दोर बांधलास न्हाईस," तो कशिशला म्हणाला. "कैचीवर भार आला की पाय फाकणारच. बूड आवळायला पायजे, आणि शेंड्याला दोर बांधून मागंपुढं ताण द्यायला पायजे. मग हलत न्हाय."

शाहिस्ताभाभीनं नवऱ्याकडं असं बघितलं की तो चहा प्यायला लागला. पण कशिशनं ऐकायचं ते ऐकलं होतं. पुढं ती कैची अंगणातल्या मातीत उभी राहिली, पाय बांधून, ताण देऊन. त्यावर पाण्याची पिंपं चढली, शिलाई मशीन चढलं. मी दुकानातली काचांची पेटी द्यायला नकार दिला, त्याचा तिला राग आला. समोरच्या तालमीतले पैलवान जाता-येता थांबून बघायचे. तालमीचे वस्ताद गणपतराव, वयानं आजोबा आणि अंगानं अजून पहाड, तिला "काय रोमनबाई, आज काय उचलताय?" असं विचारायचे. नाव पडलं ते पडलंच. पेठेत एकदा चिकटलेलं नाव निघत नाही.

श्रावण चालू होता. आठवडाभर पावसानं झोडपून काढलं होतं आणि त्या रविवारी सकाळी कुठं उघडीप झाली होती. मी दुकान उघडत होतो, तेवढ्यात मागच्या बोळातनं बायडाबाईचा आरडाओरडा कानावर आला.

बायडाबाई आमच्या पेठेतली जुनी म्हशीवाली. पेठेतल्या दुधाच्या कट्ट्यावर तिच्या म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला लांबलांबनं माणसं येतात. तिची मैना नावाची म्हैस गाभण होती, दिवस भरत आले होते. सकाळी ती तिला बोळातनं नेत होती. त्या बोळात मध्येच जरा रुंद जागा आहे, तिथं पूर्वीचा एक आड, फरशा टाकून बुजवल्यासारखा. माणसं रोज त्यावरून जायची. पावसानं खालची माती गेली असावी. मैनाचा पाय पडला आणि फरशीसकट ती आत गेली.

मी पोचलो तेव्हा बायडाबाई आडाच्या कडेला पालथी पडून आत हात घालत होती. "मैना, ये माझ्या बाई, थांब गं, थांब!" आड दीड-दोन पुरुष खोल. तळाला चिखल आणि गुडघाभर पाणी. म्हैस उभी होती, पण पाय चिखलात रुतलेले. अंग भिंतीला घासून सोललेलं. मान वर करून सारखी हंबरत होती.

अग्निशमन दलाची गाडी लगेच आली. अधिकारी होते विजयसिंह सरनाईक, शांत माणूस. त्यांनी आत वाकून बघितलं, बोळाची रुंदी बघितली आणि मान हलवली. क्रेन आत येणं शक्यच नव्हतं. दोन माणसं शेजारी चालली तर भिंतींना खांदे घासतात असला तो बोळ. साखळीची कप्पी असलेली त्यांची दुसरी गाडी गगनबावड्याच्या घाटात ट्रक उलटला होता तिकडं गेलेली. यायला दुपार झाली असती.

"दुपारपतोर टिकायची न्हाय हो ती," बायडाबाई म्हणाली. "पोटात रेडकू हाय. पाय गारठल्यात तिचं."

मग एक जवान शिडीनं खाली उतरला. त्यानं आग विझवायचा जुना कापडी पाइप मैनाच्या पोटाखालनं घेतला, पुढून-मागून दोन पट्टे करून वर एकत्र आणला आणि दोर बांधला. गणपतराव वस्तादांनी तालीम रिकामी केली. लाल मातीचे पैलवान तसेच लंगोटावर पंचे गुंडाळून आले. मीही दोराला हात लावला.

"जोर लगाके... हैश्शा!"

म्हैस हलली. चिखलातनं पाय सुटल्याचा आवाज आला. वीतभर वर आली असेल. पण दोर आडाच्या दगडी कडेवर घासत होता, आणि बोळ एवढा चिंचोळा की सगळ्या पैलवानांना नीट पाय रोवायलाही जागा नव्हती. पुढच्याचा पाय शेवाळावर घसरला, तो मागच्यावर पडला, आणि सगळी रांग कोलमडली. मैना खाली आदळली. ती हंबरली तेव्हा बायडाबाईनं कानावर हात ठेवले.

पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. सरनाईकांनी दोर हातात घेऊन बघितला. घासून घासून त्याचे धागे उसवले होते.

"थांबा," ते म्हणाले. "अजून एकदा अशी आदळली तर रेडकू जाईल. कदाचित म्हैसही. दुसरं काहीतरी बघू."

एवढे मोठमोठे गडी, दंडाला दंड लावून उभे, आणि करायला काही नाही. तेवढ्यात मागनं आवाज आला, "अब्बा, कैची लावूया की!"

कशिश फक्रूभाईचा शर्ट ओढत होती. फक्रूभाई म्हणाला, "बाळ, ती अंगणातली पिंपं न्हवंत. म्हस हाय."

"म्हस असली म्हणून काय झालं? पदर तेवढंच काम करत्यात. दोर घासतोय तो कडेवर घासतोय. कैची वर उभी केली तर दोर सरळ खाली जाईल, घासणारच न्हाय. आणि चार पदरी केला तर एवढी माणसं लागणार न्हाईत, मग घसरणार बी न्हाईत." हे ती एका दमात बोलली. मग सरनाईकांकडं वळली. "साहेब, रोमन लोक असंच दगूड उचलत हुते. म्हशीपेक्षा जड."

कुणीतरी हसलं. सरनाईक हसले नाहीत. ते तिच्या उंचीला येईल असे खाली बसले. "मला नीट सांग. पाय कुठं ठेवायचे?"

तिनं ओल्या मातीत बोटानं काढून दाखवलं. हा आड. एक पाय अलीकडं, एक पलीकडं, शेंडा बरोबर आडाच्या वर. पायात आवळून दोर. एक ताण पुढं, एक मागं. वरची कप्पी शेंड्याला, खालची म्हशीच्या पट्ट्याला. आणि एक कप्पी वाशाच्या बुडाशी, म्हणजे खाली येणारा दोर तिथनं वळून सरळ बोळानं जाईल, ओढणाऱ्यांना पाय रोवून मागं मागं चालता येईल.

सरनाईकांनी फक्रूभाईकडं बघितलं. "वासे पेलतील?"

फक्रूभाईनं मान खाजवली. मग म्हणाला, "बांबू न्हाय पेलणार. पण मोठी कमान उभारायचे निलगिरीचे वासे हायत. एकेका पायाला दोन-दोन एकत्र बांधतो. पेलतील. मी जबाबदार."

"जबाबदार मी," सरनाईक म्हणाले. "तुम्ही आणा."

त्यानंतर जे झालं ते बघण्यासारखं होतं. गोदामातनं वासे हातोहात आले. फक्रूभाईनं गाठी मारल्या, कशिशनं प्रत्येक गाठ हातानं ओढून बघितली. वाशांच्या बुडाखाली स्टेजच्या फळ्या घातल्या, रुतू नयेत म्हणून. ताणाचे दोर एकीकडं विजेच्या जुन्या लोखंडी डांबाला आणि दुसरीकडं बोळाच्या टोकाच्या कडुलिंबाला बांधले. सरनाईकांनी स्वतः लोंबकळून कैची हलवून बघितली. दलाचा नवा, लांबलचक दोर त्यांनी काढून दिला. कशिशनं तो कप्प्यांतनं ओवला, ओठ हलवत, पदर मोजत. एकदा चुकला, तिनं सगळा काढला आणि परत ओवला. कुणी घाई केली नाही.

"ओढायला किती माणसं?" वस्तादांनी विचारलं.

"सहा बास."

"मघाशी वीसेक जण हुतो की गं!"

"मघाशी कप्प्या नव्हत्या, आजोबा."

वस्तादांनी निवडून सहा गडी लावले. त्यांच्या मागं कडुलिंबाच्या बुंध्याला दोराचे वेढे देऊन फक्रूभाई उभा राहिला. ओढलेला दोर तिथं धरून ठेवायचा, म्हणजे गडी थांबले तरी म्हैस खाली जायची नाही. खाली जवान मैनाच्या मानेवर हात ठेवून तिच्याशी काहीबाही बोलत होता. कशिश आडाच्या कडेला, सरनाईकांनी तिच्या कमरेला दोर बांधला होता.

"वढा!" ती ओरडली. तो आवाज कट्ट्यापर्यंत गेला असेल.

गड्यांनी ओढलं. दोर आला. आणखी आला. कप्प्या कुरकुरल्या, वासे करकरले, कैचीचे पाय फळ्यांवर घट्ट बसले. दोर येतच राहिला. पुढचा गडी ओरडला, "अगं, दोर नुसताच यायलाय! कुठंतरी सुटलंय!"

मागनं माणसं बोलायला लागली. सुटलंय, थांबवा, म्हस हाय तिथंच हाय. सहाही गड्यांचे हात सैल व्हायला लागले. मीही घाबरलो. एवढा दोर हाताला आला होता आणि आडाबाहेर म्हशीचं शिंगसुद्धा दिसत नव्हतं.

"सोडू नका!" कशिश किंचाळली. "कायबी सुटलेलं न्हाय! दोर चौपट येणारच! चार हात वढला तर म्हस हातभर वर येती. जोर वाचतो, दोर वाढतो! वढत ऱ्हावा!"

खालनं जवानाचा आवाज आला, "पाय सुटले! चिखलातनं सगळे पाय सुटले! ती तरंगतीय!"

त्या एका वाक्यानं बोळात वीज फिरली. गडी पाय रोवून मागं सरकू लागले. बोळाच्या टोकाला पोचले की फक्रूभाई बुंध्यावरचे वेढे आवळून धरायचा, ते पुढं येऊन पुन्हा दोर पकडायचे. कुणी घसरलं नाही, कुणी धापाही टाकत नव्हतं. वस्ताद स्वतः एका गड्याला बाजूला करून दोराला लागले आणि दोन पावलं ओढून चकित होऊन थांबले.

"आयला," ते म्हणाले. "म्हस हाय का कोकरू?"

आधी शिंगं दिसली. मग कान, मग चिखलानं माखलेली पाठ. मैना कैचीखाली लोंबत वर येत होती, हळूहळू, जराही हिसका न बसता, आणि हंबरायची थांबली होती. ती आमच्या सगळ्यांकडं अशी बघत होती, जणू विचारतेय, हे काय चाललंय. पाय आडाच्या तोंडाच्या वर आले आणि कशिशनं दोन्ही हात वर केले. "थांबा! धरा!"

आता पुढं काय, हे तिनंही ठरवलं नव्हतं. म्हैस अधांतरी, खाली उघडा आड. तिनं सरनाईकांकडं बघितलं. पण ते आधीच जवानांना सांगत होते, "फळ्या! स्टेजच्या फळ्या आडव्या सरकवा, तोंड झाका!" जाड फळ्या एकावर एक मैनाच्या पायांखालनं आडाच्या तोंडावर गेल्या. फक्रूभाईनं वेढे बोटबोट सैल केले. मैनाचे खूर फळीवर टेकले. ती थरथरत उभी राहिली, मग एक पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि मातीवर आली.

बायडाबाईनं तिच्या गळ्याला मिठी मारली. त्यानंतर बोळात जो गलका झाला, तसा मी फुटबॉलच्या अंतिम सामन्यालाच ऐकलाय. गच्च्यांवरची माणसं शिट्ट्या मारत होती. कुणी गुलाल आणला कुठनं, देव जाणे. शाहिस्ताभाभी गर्दीतनं वाट काढत आली, लेकीला छातीशी धरलं आणि तिच्या डोक्यावरनं हात उतरवून बोटं मोडली. वस्तादांनी दोघींच्या मधनं हात घालून कशिशला उचललं आणि सरळ खांद्यावर घेतलं.

"रोमनबाईचा..." वस्ताद गरजले.

"विजय असो!" सगळी पेठ.

मैनाला कट्ट्यापर्यंत नेलं ती मिरवणूकच झाली. पुढं हलगी, मागं गुलालात न्हालेली म्हैस, तिच्यामागं खांद्यावरची कशिश. आवाज बसला होता तिचा. ती सारखी अब्बाला खुणेनं सांगत होती की कप्प्या तिथंच राहिल्यात, कुणीतरी उचलून नेईल. फक्रूभाई रडत होता आणि हसत होता.

सोमवारी दानेश्वरी मॅडमनी तिला वर्गापुढं उभं केलं. म्हणाल्या, मी फळ्यावर शिकवलं, हिनं बोळात करून दाखवलं. आणि मग त्यांनी कन्नडमध्ये काहीतरी म्हटलं, त्याचे शब्द कुणालाच कळले नाहीत पण अर्थ सगळ्यांना समजला. श्रावण सरता सरता मैना व्याली. पारडी झाली, चारी पायांवर धडधाकट.

सरनाईकांनी त्यानंतर लोखंडी पाइपांची एक कैची करून घेतली, सुटी होणारी, चिंचोळ्या बोळांतनं खांद्यावर नेता येईल अशी. जवानांना ती दाखवायला त्यांनी कशिशला बोलावलं. फक्रूभाई, भाभी, तोहिद आणि मी, आम्ही सगळे गेलो. दलाच्या आवारात ती कैची उभी होती आणि तिच्याखाली कप्पीला टांगून पाण्यानं काठोकाठ भरलेलं मोठं पिंप ठेवलं होतं. गणवेशातले जवान रांगेत उभे, आणि त्यांच्यापुढं स्टुलावर ही बारकी पोरगी.

एका तरुण जवानानं विचारलं, "बाळ, आता हायड्रॉलिक क्रेन आहेत. हे जुनं कशाला शिकायचं?"

"जिथं क्रेन जाती तिथं क्रेनच न्या," कशिश म्हणाली. "जिथं जात न्हाय तिथं माणसं आणि दोर जात्यात."

तिनं रांगेवरनं नजर फिरवली आणि सगळ्यात सडपातळ जवानाला पुढं बोलावलं. त्याच्या हातात दोराचं टोक दिलं. त्यानं आधी पिंपाकडं बघितलं, मग सरनाईकांकडं. सरनाईकांनी हाताची घडी घातली होती.

"एकटाच?" जवानानं विचारलं.

"एकटाच. वढा."

त्यानं ओढलं. पिंप जमिनीवरनं सुटलं आणि पाणी न सांडता वर चढू लागलं. त्या पोराच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. सगळं आवार टाळ्या वाजवत होतं, आणि स्टुलावर उभी राहून कशिश ओरडत होती, "थांबू नका, अजून वर! अजून वर!"